वरईच्या वड्या, लॉट नंबर सात

राजाजीनगर, बेंगळुरू
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. सौ. सिद्धीस, अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि त्याच्या जोडीने तेही. तुम्हा तिघांची खुशाली कार्तिक दर रविवारी फोनवर सांगतो. त्याची खुशाली म्हणजे "सगळं ओके, अम्मा." मी एकतीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात काढली. नुसतं "सगळं ओके" लिहिलेला रिपोर्ट मी परत पाठवत असे. पोटच्या पोराचा परत कुठे पाठवू?

पत्र बघून तुला नवल वाटेल. मेसेजवर दोन निळ्या रेघा उमटल्या की माणसाला उत्तर देणं भाग पडतं. कागदाची तशी सक्ती नाही. सवडीने वाच.

विषय असा. महाशिवरात्रीला, म्हणजे पंधरा फेब्रुवारीला, तू हर्षिताला दोन तासांसाठी आमच्याकडे आणणार आहेस असं कार्तिक म्हणाला. तिचं खाणं तुमच्याच घरून डब्यात येईल, असंही म्हणाला. एका वर्षाने पोर या घरात पाऊल टाकेल. डब्याचं मला वाईट वाटलं नाही. हे वाक्य मी एकदा खोडून पुन्हा लिहिलं आहे, त्यामुळे थोडं वाटलं असावं.

मागच्या शिवरात्रीला माझ्या हातचा रव्याचा शिरा खाऊन ती दोन दिवस सलाईनवर होती. त्यावर बोलून झालं आहे. तुमच्या पुण्याकडे उपवास म्हणजे साबुदाणा, वरई, राजगिरा. आमचं घराणं तीनशे वर्षं कानडी मुलखात मुरलेलं. आमच्यात उपवासाला भात वर्ज्य, पण फळाराला रवा चालतो, पोहे चालतात. तू तिला सोडून जाताना म्हणालीस, "आई, तिला उपवासाचं काहीही चालतं," आणि तिला गव्हाचा कणही चालत नसताना मी रवा दिला. कार्तिकने याला "दोन गावांचा घोटाळा" असं नाव ठेवलं आणि फाईल बंद झाली. ती मी उघडत नाही.

मी फक्त एवढंच कळवते आहे की तिला चालेल असा एक गोड पदार्थ मी करून बघते आहे. तिला द्यायचा की नाही ते तू ठरव. अटी मी वहीत लिहून घेतल्या. गहू आणि त्याचं गणगोत नको. पोटाला सूज असेपर्यंत डॉक्टरांनी दूध बंद ठेवलं आहे, म्हणून दूध, तूप, खवा काही नको. शिवाय तुमच्या उपवासाला चालला पाहिजे आणि आमच्याही. जयनगरच्या एका दुकानात विचारलं तर तिथली मुलगी म्हणाली, "आंटी, वीगन आणि ग्लुटेन-फ्री, दोन्ही? मग खजूर खा." सल्ला वाईट नव्हता. पण खजूर देवाने केला आहे, त्यात माझं काय?

शेवटी वरई धरली. इथे तिला सामे म्हणतात आणि आमच्या घरात ती उपवासालाच काय, एरवीही कधी शिजली नाही. जाडसर वाटली की दिसायला थेट रवा. ती खोबरेल तेलात भाजायची, नारळाचं दूध, गूळ आणि वेलची घालून आटवायची आणि वड्या थापायच्या. लिहायला सोपं आहे. लॉट एकमध्ये नारळाचं दूध फुटलं. लॉट दोनचा गिच्च गोळा झाला, कारण वरई न भाजताच शिजवली. लॉट तीन दिसायला बरा होता. तुझ्या सासऱ्यांनी एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि विचारलं, "हे खायचं की केसाला चोळायचं?"

ते म्हणतात, सामे आपल्या उपवासाला चालत नाही, अक्की (तांदूळ) काय आणि सामे काय, धान्य ते धान्य. असं म्हणून रिजेक्ट झालेला सगळा माल तेच संपवतात. उपवास नसलेल्या दिवशी, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

हर्षिताला पापा.

कमला

*

राजाजीनगर
मंगळवार, २० जानेवारी २०२६

चि. सौ. सिद्धीस, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला आणि दोन दिवसांनी पाकीटही. तुझ्या आईने पुण्याहून पाठवलेली वरई स्वच्छ आहे, बारीक आहे, आणि पाकिटावर वेगळ्या गिरणीत साफ केल्याचं छापलेलं आहे. त्यांना माझा नमस्कार कळव. संक्रांतीचा तीळगूळ मी पाठवला नाही. चार घरांच्या मुठी पडलेलं ते मिश्रण, कुणाच्या मुठीला काय लागलेलं असेल सांगता येत नाही.

पाकीट आलं ते बरंच झालं, कारण लॉट चार मी घराबाहेर टाकला. त्याचं असं झालं, की यशवंतपूरच्या बाजारातून मी सुटी वरई आणली आणि आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत भरडायला दिली. पीठ हातात आल्यावर विचारलं, आधी काय दळलं होतं? तो म्हणाला, "गोधी, अम्मा. पण लोकांचं मिक्स होतंच. स्वल्प अड्जस्ट माडी." गोधी म्हणजे गहू, आणि पुढचं म्हणजे थोडं सांभाळून घ्या. या गावात रिक्षा, पाणी, लग्नाचा हॉल, सगळं स्वल्प अड्जस्ट करून चालतं, मीही आयुष्यभर केलं. या वेळी घरी येऊन ते पीठ तसंच पिशवीसकट देऊन टाकलं. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा चाखू दिलं नाही. मिक्सरचं नवीन भांडं घेतलं आहे, कढई नवीन घेतली आहे, उलथनं आणि थाळाही. ते वेगळ्या फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवते.

तू मेसेजमध्ये पुन्हा लिहिलंस की चूक तुझीच होती, तू नीट समजावून सांगायला हवं होतंस. असं लिहू नकोस. कारण विचारू नकोस, पण लिहू नकोस.

आणि ते दुसरं, हर्षिताचं. तू लिहितेस, शाळेत कुणाच्या वाढदिवसाला काही वाटलं तर ती आता विचारतसुद्धा नाही. डबा बंद करून बसते. आधी सगळ्यांना विचारायची, "हे मला चालतं का?" आता म्हणते, "विचारून काय उपयोग? अज्जीला विचारलं होतं की." आणि तू म्हणतेस, उपवास म्हणजे काय हे अज्जीलाच वेगळं माहीत होतं, ते तिला कसं समजवायचं.

हे मी चार वेळा वाचलं. आज एवढंच.

कमला

*

राजाजीनगर
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

सौ. सिद्धी,

या वेळी वर आशीर्वाद नाहीत. विसरले नाही. पत्र संपल्यावर माझे आशीर्वाद घ्यायचे का, ते तू ठरव.

आधी वड्यांचं. लॉट पाच मऊ राहिला. लॉट सहा उत्तम जमला होता. थापताना लक्षात आलं की हातात जुनं उलथनं आहे, त्यावर रिजेक्टचा लाल टॅग लागला आणि तो तुझ्या सासऱ्यांच्या पोटात गेला. लॉट सात काल केला. वरई मंद आंचेवर कोरडी भाजली, घरीच भरडली. खोबरेल दोनच चमचे, तेही ताजं, घाण्यावरचं. वरई आधी पाण्यात पूर्ण शिजवली, मग गूळ घातला, आणि नारळाचं घट्ट दूध सगळ्यात शेवटी, गॅस बारीक करून. घाई केली की ते फुटतं. शेवटी वेलची आणि ओलं खोबरं. वडी सुरीने स्वच्छ कापली जाते, धरल्यावर हाताला चिकटत नाही. ह्यांनी एक खाल्ली आणि दुसरी उचलली.

आता दुसरं.

मागच्या वर्षी जे झालं तो दोन गावांचा घोटाळा नव्हता. मला माहीत होतं.

शिवरात्रीच्या तीन महिने आधी कार्तिकने तुझी यादी आणून दिली होती. छापील, दोन पानं. पहिल्या ओळीत गहू, दुसऱ्या ओळीत मैदा, तिसऱ्या ओळीत रवा. रव्यापुढे तू कंसात "सूजी, शिरा, उप्पीट" असंही लिहिलं होतंस, म्हणजे कुणाचा गोंधळ होऊ नये. मी ती वाचली होती. आयुष्यभर इंजिनियरांची ड्रॉइंगं वाचणाऱ्या बाईला दोन पानांची यादी न समजायला काय झालं? मी ती स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. रव्याचा डबा त्याच कपाटात असतो. शिवरात्रीच्या सकाळी डबा काढला तेव्हा यादी माझ्या नाकासमोर होती.

हर्षिता ओट्याजवळ स्टुलावर उभी होती. तू शिकवलं होतंस तसं तिने विचारलं, "अज्जी, हे मला चालतं?"

मी म्हणाले, "चालतं, पुट्टी. उपवासाचं आहे."

कार्तिकला पोरीकडून एवढंच कळलं, आणि त्यावरून त्याने आपला घोटाळा रचला. पण तिने पुढे आणखी विचारलं होतं. "यात गहू नाही ना?" पाच वर्षांचं पोर, नेमका प्रश्न विचारून मोकळं झालं. खात्यातली मोठी माणसंसुद्धा असा विचारत नसत.

मी म्हणाले, "नाही."

तिने दोन वाट्या खाल्ल्या. तिसऱ्या प्रहरी उलट्या सुरू झाल्या.

का केलं, हे समजायला मला वर्ष लागलं असं मी म्हणणार नाही. त्याच दिवशी माहीत होतं. त्याआधीच्या दसऱ्याला तू इथे आली होतीस. माझी घासलेली कढई तू सगळ्यांदेखत पुन्हा घासलीस, मग उलथनं, मग झारा. तुझ्या मनात काही नव्हतं, तुला पोरीची धास्ती होती. पण माझी जाऊ हसली, आणि ते मला झोंबलं. मी मनात म्हटलं, आमच्या इतक्या पिढ्या हेच खाऊन वाढल्या, आणि ही मला माझ्या स्वयंपाकघरात पास-नापास करणार? पोरीने एकदा शिरा खाल्ला आणि तिला काही झालं नाही, की हिची यादी खोटी ठरेल. मी हिला संध्याकाळी फोन करून सांगेन. काय सांगायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. मला तुझी यादी खोटी ठरवायची होती, सिद्धी, आणि त्यासाठी मी पोर वापरलं.

इस्पितळात तू माझा हात धरून रडलीस. म्हणालीस, "आई, माझंच चुकलं, मी नीट सांगायला हवं होतं." कार्तिक मान हलवत होता. हर्षिताच्या हाताला सुई होती. सुटायची संधी अशी आयती चालून आली. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे."

मी तुला माफ केलं. त्या "असू दे"ची मला जितकी लाज वाटते, तितकी शिऱ्याचीही वाटत नाही. वर्षभर तू मला मेसेज करत होतीस, सणाला साडी पाठवत होतीस, आणि प्रत्येक वेळी तीच एक ओळ लिहीत होतीस की चूक तुझी. दूध सुरू करायची वेळ जवळ आली होती ती एका दुपारीत पुन्हा लांबली, त्याबद्दलही तू स्वतःलाच बोल लावलास. आणि तू पोरीला माझ्याकडे पाठवत नव्हतीस ते माझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे, तर स्वतःच्या सांगण्यावर उरला नाही म्हणून. हे मला सगळं कळत होतं. मी गप्प बसले, कारण खरं सांगितलं तर पोर कायमची जाईल असं वाटलं.

अजूनही तसंच वाटतं. पंधरा तारीख चार दिवसांवर आहे. हे पत्र सोळा तारखेला लिहिलं असतं तर ती दोन तास या घरात खेळून गेली असती. मी तसं करायचं ठरवलंही होतं. पण तू लिहिलंस की ती विचारायची थांबली आहे. तिला वाटतं, विचारून उपयोग नसतो, मोठ्या माणसांना माहीतच नसतं. तिला आयुष्यभर दर ताटापुढे विचारावं लागणार आहे. शिऱ्याने तिचं पोट बिघडलं ते काही महिन्यांनी भरून येईल. हे बिघडलं तर मी कुठल्या तोंडाने तिला वडी देऊ?

तेव्हा एक कर. या घरी तिला आणलंस, नाही आणलंस, तरी एवढं मात्र कर. तिला सांग, तू बरोबर विचारलं होतंस. अज्जीला उत्तर माहीत होतं. अज्जी खोटं बोलली. याच शब्दांत सांग, माझी बाजू सावरू नकोस. आणि तिला सांग, जे माणूस विचारल्यावर चिडतं किंवा "काही होत नाही" म्हणतं, त्याच्या हातचं खायचं नाही; पण विचारायचं, प्रत्येक वेळी विचारायचं.

कार्तिकलाही हे पत्र दाखव. त्याच्याशी बोलायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

पत्र आणि डबा घेऊन तुझे सासरे उद्या मेट्रोने येतील. आर. व्ही. रोडला गाडी बदलून पिवळ्या लाइनीने इलेक्ट्रॉनिक सिटीला उतरतील, आणि तुमच्या गेटवर ठेवून परत फिरतील. वर बोलावू नकोस. आज सकाळी मी त्यांना एवढंच म्हणाले की सिद्धीला लिहिते आहे. त्या दिवशी ते समोरच बसले होते, पेपर वाचत. पोरीने विचारलं आणि मी उत्तर दिलं, तेव्हा पेपर जरासा खाली आला होता, मग पुन्हा वर गेला. त्यांनी ऐकलं का, हे मी त्यांना वर्षभर विचारलं नाही. त्यांनीही काही काढलं नाही. आज ते म्हणाले, "लिहून झालं की मला दे. पाकीट मी बंद करतो."

डब्याला टॅग बांधला आहे, कारखान्यात बांधायचे तसा. पदार्थ, तारीख, लॉट नंबर सात, आणि मागच्या बाजूला एकूण एक जिन्नस कुठून आणला ते. "बनवणार" याच्यापुढे माझी सही आहे. "तपासणार" याच्यापुढे जागा कोरी आहे. ज्याने बनवलं त्याने आपला माल आपण पास करायचा नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम होता, आणि त्या दिवशी मी तोच मोडला. ती सही तुझी आहे. तू सही केली नाहीस तर वड्या टाकून दे. मी कारण विचारणार नाही आणि वाईट वाटलं तरी लिहून कळवणार नाही.

बनवणार,
कमला

पाकीट बंद करण्याआधी मी वाचलं. मी ऐकलं होतं. पोरीचे दोन्ही प्रश्न आणि हिची दोन्ही उत्तरं. यादीही मला माहीत होती. हर्षिताला सांगशील तेव्हा "अज्जी आणि अज्जा" असं सांग.
— वादिराज